फक्त एसएसएच की वापरता, म्हणून सीव्हीई-२०२४-६३८७ टळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबुंटू २२.०४ च्या सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणारा ओपनएसएसएच ८.९पी१ हा प्रोग्रॅम चालू आहे आणि सुरक्षा स्कॅनरने त्याला सीव्हीई-२०२४-६३८७ (त्यातल्या एका सुरक्षा दोषाचा नोंदणी क्रमांक) चा लाल शेरा मारला आहे. पासवर्डने लॉगिन बंद आहे, फक्त की (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) चालते. पोर्टही २२ ऐवजी दुसरा ठेवला आहे आणि लॉगिन चुकवणाऱ्या पत्त्यांना अडवणारं फेल२बॅन बसवलेलं आहे. तरीही धोका आहे का? आणि अपडेट आजच्या आज करता येत नसेल तर तोवर काय करायचं?

पासवर्ड बंद असणं, की लांबलचक असणं, पोर्ट बदललेला असणं, यातल्या कशानेही हा दोष अडत नाही. इथे हल्लेखोराला लॉगिन करायचंच नसतं. कनेक्शन उघडून, लॉगिन न करता मुदत संपेपर्यंत ताटकळत राहणं हाच हल्ला आहे. मात्र स्कॅनरचा शेरा खरा की खोटा हे ‘८.९पी१’ एवढ्यावरून सांगता येत नाही. ते त्यापुढच्या पॅकेज क्रमांकावरून ठरतं, आणि त्याकडेच बहुतेक जण बघत नाहीत.

आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहू, कारण तात्पुरते उपाय कोणते खरे आणि कोणते उलटे, हे त्यावरूनच ठरतं.

नवं कनेक्शन आलं की एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हरवर चालणारा भाग) त्याच्यासाठी वेगळी प्रोसेस काढतं आणि घड्याळ लावतं. ही मुदत लॉगिनग्रेसटाइम या सेटिंगमध्ये असते. काही बदललं नसेल तर १२० सेकंद. तेवढ्यात समोरच्याची ओळख पटली नाही तर कर्नल त्या प्रोसेसला सिगअलार्म हा सिग्नल पाठवतो. प्रोसेस हातातलं काम असेल तिथे थांबवते आणि सिग्नल हँडलरचा कोड चालवायला घेते. ८.५पी१ पासून ९.७पी१ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये हा हँडलर ‘वेळ संपली’ अशी ओळ लॉगमध्ये टाकण्यासाठी सिसलॉग फंक्शन बोलावतो. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीमधलं सिसलॉग आतून मॅलॉक आणि फ्री वापरतं, म्हणजे मेमरी घेतं आणि सोडतं. गोम इथे आहे. सिग्नल आला त्या क्षणी मूळ कोडही मॅलॉकच्याच मधोमध असेल, तर मेमरीचा हिशेब अर्धवट लिहिलेला असतो आणि त्याच हिशेबावर हँडलर नवा व्यवहार करतो.

ही फट किती बारीक आहे ते बघण्यासारखं आहे. मॅलॉक एखाद्या मोठ्या मोकळ्या तुकड्यातून हवा तेवढा भाग कापतं आणि उरलेला भाग मोकळ्या तुकड्यांच्या यादीत जोडतं. जोडणी आधी होते, उरलेल्या तुकड्याचा आकार त्यानंतर लिहिला जातो. या दोन कामांच्या मध्ये प्रोसेसरच्या मोजक्याच सूचना असतात. नेमका तेव्हाच सिग्नल आला तर यादीत असा तुकडा असतो, ज्याच्या आकाराच्या जागी जुना उरलासुरला डेटा पडलेला आहे. तो डेटा हल्लेखोराने आधीच पेरून ठेवलेला असू शकतो. मग सिसलॉगला वेळ लिहायची म्हणून टाइमझोनची फाइल उघडली जाते, त्या फाइलची रचना या चुकीच्या आकाराच्या तुकड्यात बसवली जाते आणि शेजारच्या मेमरीवर चढते. तिथून प्रोग्रॅमचा ताबा घेता येतो. हँडलर चालतो तो एसएसएचडीच्या विशेषाधिकार असलेल्या भागात. त्याला सँडबॉक्सचं कुंपण नसतं, त्यामुळे हाती येतं ते थेट रूट, म्हणजे यंत्रावरचे सगळे अधिकार.

ही चूक नवी नाही. हाच दोष २००६ मध्ये सीव्हीई-२००६-५०५१ म्हणून नोंदला गेला होता आणि ४.४पी१ मध्ये बुजवला होता. हँडलरमधून लॉग लिहायचा की नाही हे ठरवणारी एक अट तेव्हा कोडमध्ये घातली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिंगच्या कोडची फेरमांडणी करताना ती अट गळून पडली, आणि मार्च २०२१ च्या ८.५ मध्ये दोष पुन्हा आत आला. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी १ जुलै २०२४ रोजी तो जाहीर केला आणि त्याच दिवशी ९.८ आवृत्ती आली. म्हणून जुनं सगळं धोक्याचं आणि नवं सगळं सुरक्षित हा ठोकताळा इथे चालत नाही. उबुंटू २०.०४ मधलं ८.२पी१, डेबियन ११ मधलं ८.४पी१, रेड हॅट ८ मधलं ८.०पी१ या सगळ्यांना या दोषाची झळ नाही. ओपनबीएसडी या वेगळ्या प्रणालीलाही नाही, कारण तिथे हँडलरमधून बोलावता येईल असं सिसलॉगचं वेगळं फंक्शन २००१ पासून आहे.

आता हल्ल्याला किती वेळ लागतो ते बघा. क्वालिसने ३२ बिटच्या डेबियन १२ वर हल्ला यशस्वी करून दाखवला. फट साधायला सरासरी १०,००० प्रयत्न लागले. अजून ओळख न पटलेली कनेक्शनं एका वेळी किती चालतील हे मॅक्सस्टार्टअप्स ठरवतं; काही बदललं नसेल तर त्याची वरची मर्यादा १०० आहे. म्हणजे दर १२० सेकंदांत १०० प्रयत्न, १०,००० प्रयत्नांना १२,००० सेकंद, साधारण ३ तास २० मिनिटं. त्या ३२ बिट यंत्रणेवर ग्लिबसी मेमरीत दोनपैकी एका ठिकाणी बसते, त्यामुळे अर्धे फटके वाया जातात आणि रूट मिळायला ६ ते ८ तास लागतात. ६४ बिटवर पत्त्यांची शक्यता कितीतरी पट जास्त असल्यामुळे काम फार अवघड होतं. दोष जाहीर झाला तेव्हा ६४ बिटवरचा यशस्वी हल्ला क्वालिसने दाखवलेला नव्हता. म्हणून ६४ बिट सर्व्हरसाठी रात्री दोनला उठून धावपळ करण्याची गरज नाही, पण ‘६४ बिट आहे, बघू पुढच्या महिन्यात’ हेही बरोबर नाही. ३२ बिटचं काही इंटरनेटवर उघडं असेल, तर बाकी कामं बाजूला ठेवा.

या हिशेबातून एक गोष्ट निघते, जी कठोर सेटिंग करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. सुरक्षिततेच्या याद्यांमध्ये लॉगिनग्रेसटाइम ६० किंवा त्याहून कमी ठेवा असं सांगितलेलं असतं. एरवी सल्ला ठीक आहे, या दोषासाठी मात्र तो उलटा पडतो. मुदत २० सेकंद केली तर तेच १०,००० प्रयत्न २,००० सेकंदांत, म्हणजे ३३ मिनिटांत आटोपतात. पॅच येईपर्यंत मुदत आवळून ठेवणारा माणूस हल्लेखोराचंच काम हलकं करतो. मॅक्सस्टार्टअप्स कमी केल्याने वेग घटतो हे खरं, पण मग तुम्हालाच दाराबाहेर ठेवणंही तितकंच सोपं होतं.

आता तुमचा सर्व्हर. (पुढच्या सेटिंग आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, यंत्रावर ती मूळ इंग्रजी स्पेलिंगने टाका.) आवृत्ती बघायला ‘एसएसएच’ला कॅपिटल व्ही देऊ नका. ती क्लायंटची आवृत्ती सांगते, सर्व्हरची नाही. उबुंटू किंवा डेबियनवर ‘डीपीकेजी’ला छोटा एस देऊन ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ या पॅकेजची माहिती काढा. दुरुस्त झालेले क्रमांक असे: उबुंटू २२.०४ साठी १:८.९पी१-३उबुंटू०.१०, उबुंटू २४.०४ साठी १:९.६पी१-३उबुंटू१३.३, डेबियन १२ साठी १:९.२पी१-२+डेब१२यू३. रेड हॅट ९ वर ‘आरपीएम’ने बघा, ८.७पी१-३८.ईएल९_४.१ किंवा पुढचा हवा. क्रमांक वाचताना घोळ होतो तो असा: ०.७ हे ०.१० च्या आधीचं आहे. हा दशांश नाही, ठिपक्यानंतरचा आकडा स्वतंत्र वाचायचा. शंका वाटली तर डीपीकेजीच्या ‘कम्पेअर-व्हर्जन्स’ पर्यायाला विचारा.

उबुंटू, रेड हॅटसारखे वितरक मूळ आवृत्ती तीच ठेवून नव्यातली फक्त दुरुस्ती तिच्यात मागे आणतात, म्हणून दुरुस्त झालेल्या यंत्रावरही ८.९पी१ च दिसत राहतं. डेबियन-उबुंटूचं एसएसएचडी कनेक्शन होताच पहिल्या ओळीत पॅकेजचा पुढचा क्रमांकही सांगतं, त्यामुळे शहाणा स्कॅनर बाहेरूनच ओळखू शकतो. रेड हॅटचं फक्त ‘ओपनएसएसएच_८.७’ एवढंच सांगतं. तिथे बाहेरून बघणारा स्कॅनर दुरुस्त यंत्रालाही लाल शेरा देणार. अशा वेळी पॅकेजच्या बदलनोंदीत ‘६३८७’ शोधा आणि ती ओळ ऑडिट करणाऱ्याला दाखवा. स्कॅनर शांत व्हावा म्हणून उगाच सोर्सवरून ९.८ बांधत बसू नका.

अपडेट करताना एक जादा एसएसएच सेशन उघडं ठेवा आणि काम संपेपर्यंत बंद करू नका. ‘अ‍ॅप्ट अपडेट’, मग ‘ओन्ली-अपग्रेड’ लावून फक्त ओपनएसएसएच-सर्व्हर. सेटिंगची फाइल बदलू का असं विचारलं आणि तुम्ही त्यात आधी हात घातलेला असेल, तर सध्याचीच ठेवा. मग ‘एसएसएचडी’ला छोटा टी देऊन चालवा. काहीच छापलं नाही म्हणजे फाइल ठीक आहे. त्यानंतर सर्व्हिस रीस्टार्ट. डेबियन-उबुंटूवर तिचं नाव ‘एसएसएच’, रेड हॅटवर ‘एसएसएचडी’. रीस्टार्टने चालू सेशन तुटत नाहीत, कारण सर्व्हिस सांभाळणारी सिस्टीमडी फक्त मुख्य प्रोसेस मारते आणि तुमचं सेशन वेगळ्या प्रोसेसमध्ये असतं. शेवटी तिसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा. ते जमलं की मगच जादा सेशन सोडा.

रीस्टार्ट टाळू नका. एसएसएचडी प्रत्येक कनेक्शनसाठी डिस्कवरचा प्रोग्रॅम नव्याने चालवतं, त्यामुळे बरेचदा रीस्टार्ट न करताही नवा कोडच वापरला जातो. हे खरं असलं तरी ऐकणारी मुख्य प्रोसेस जुनी आणि पुढची नवी अशी जोडी त्यातून तयार होते. ९.८ मध्ये एसएसएचडीचे ऐकणारा भाग आणि ‘एसएसएचडी-सेशन’ असे दोन तुकडे केले आहेत. आर्च लिनक्सवर ९.८ ला गेल्यानंतर रीस्टार्ट केला नाही तर नवं कनेक्शनच घेतलं जात नव्हतं आणि वितरणाला तशी सूचना काढावी लागली. दूरच्या यंत्रावर हे झालं तर कन्सोलशिवाय, म्हणजे यंत्राच्या थेट स्क्रीन-कीबोर्डशिवाय, आत जायची वाट उरत नाही.

आजच अपडेट शक्य नसेल तर पहिलं काम फायरवॉलचं. एसएसएचचा पोर्ट फक्त व्हीपीएनच्या किंवा ठरावीक पत्त्यांसाठी उघडा ठेवा. बाकी जगाला कनेक्शनच करता आलं नाही तर घड्याळाचा प्रश्नच येत नाही. मला विचाराल तर हे पॅच झाल्यावरही तसंच ठेवावं.

ते जमत नसेल तर लॉगिनग्रेसटाइम शून्य करा. शून्य म्हणजे मुदतच नाही. घड्याळ लागत नाही, सिग्नल येत नाही, दोषाचा कोड चालतच नाही. मात्र याची किंमत आहे. कोणीही १०० कनेक्शनं उघडून तशीच लटकत ठेवली की सगळ्या जागा भरतात आणि तुम्हाला आत जाता येत नाही. रूट जाण्यापेक्षा हे परवडलं, पण कन्सोलचा दुसरा रस्ता हाताशी ठेवूनच करा. सोबत पर्सोर्समॅक्सस्टार्टअप्स ५ किंवा १० ठेवलं तर एका पत्त्यावरून सगळ्या जागा अडवता येत नाहीत. हे सेटिंग ८.५ पासून आहे. एकाच सार्वजनिक पत्त्यामागून खूप माणसं येत असतील तर आकडा वाढवावा लागेल.

सेटिंग कुठे टाकता यालाही महत्त्व आहे. एसएसएचडी एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतं, नंतरची सोडून देतं. उबुंटूवर मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या फोल्डरमधल्या फाइली ओढल्या जातात. त्यामुळे मुख्य फाइलच्या तळाशी शून्य लिहिलं आणि फोल्डरमधल्या कुठल्या फाइलीत ६० असेल तर ६० च लागू होतं आणि कसलीही तक्रार दिसत नाही. फोल्डरमध्ये ००- ने सुरू होणारी नवी फाइल करून त्यात सेटिंग टाका. रीलोड करा आणि ‘एसएसएचडी’ला कॅपिटल टी देऊन प्रत्यक्ष लागू असलेली यादी छापून घ्या. तिथे शून्य दिसलं तरच झालं म्हणायचं. रीलोडच्या आधी उघडलेली कनेक्शनं जुन्या मुदतीनेच संपतील, तेवढी दोन मिनिटं जाऊ द्या.

तिसरा पर्याय म्हणजे एसएसएचडी छोट्या ई पर्यायासह चालवणं. मग लॉग सिसलॉगकडे न जाता एररच्या प्रवाहात जातो. ६३८७ साठी हे पुरतं. पण रेड हॅट ९ वर याच जातीचा दुसरा दोष, सीव्हीई-२०२४-६४०९, आठवडाभराने ८ जुलैला जाहीर झाला आणि त्यावर हा उपाय भरवशाचा नाही. तो रेड हॅटने लावलेल्या ऑडिटच्या पॅचमधून आलेला आहे, मूळ ओपनएसएसएचमध्ये नाही. तिथे हँडलर कमी अधिकारांच्या प्रोसेसमध्ये चालतो म्हणून परिणाम सौम्य. लॉगिनग्रेसटाइम शून्य दोन्हींवर लागू पडतो, म्हणून मी तोच निवडेन. ऑगस्टमध्ये फ्रीबीएसडीतही हेच निघालं: तिथल्या ब्लॅकलिस्टडी या पत्ते अडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडकामातून हँडलरमध्ये शिरलेला लॉगिंगचा कोड, सीव्हीई-२०२४-७५८९. तुम्ही स्वतः सिग्नल हँडलर लिहीत असाल तर त्यात एक खूण बदला किंवा अंडरस्कोर-एक्झिट (प्रोसेस तिथल्या तिथे संपवणारं फंक्शन) बोलवा, आणि तिथेच थांबा.

फेल२बॅनवर इथे विसंबू नका. त्याचा मुख्य हिशेब चुकलेल्या पासवर्डच्या ओळींवर चालतो आणि या हल्ल्यात पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट जाईलच असं नाही. ‘टाइमआउट बिफोर ऑथेंटिकेशन’ ही ओळ तुमचा फिल्टर धरतो का, ते फाइल उघडून बघा. धरत असला तरी हल्लेखोर पत्ते बदलत राहू शकतो. ९.८ मध्ये एसएसएचडीनेच दंडाची पद्धत आणली आहे. मुदत संपवणाऱ्या किंवा प्रोसेस कोसळवणाऱ्या पत्त्याला ते काही काळ स्वतःच बाहेर ठेवतं. कोसळवण्याचा दंड मुळात ९० सेकंदांचा. मागे आणलेल्या दुरुस्त्यांमध्ये हे येत नाही.

आधीच कोणी प्रयत्न केला का हे लॉगमध्ये शोधायचं तर वरचीच ‘टाइमआउट’ ओळ बघा. दिवसाला पाच-पंचवीस असणं नेहमीचं आहे, इंटरनेटवर भटकणारे बॉट ती उमटवतातच. तासन्‌तास दर दोन मिनिटांनी शंभराच्या आसपास ओळींचा लोंढा असेल तर ते वेगळं प्रकरण. सोबत कर्नलच्या लॉगमध्ये एसएसएचडीच्या सेगफॉल्टच्या (चुकीच्या मेमरीला हात लावून कोसळल्याच्या) नोंदी असतील तर जास्तच. ३२ बिट यंत्रावर असं दिसलं तर स्वच्छ करत बसू नका. डिस्कची प्रत काढून ठेवा, यंत्र नव्याने उभं करा, त्यावरच्या सगळ्या की आणि गुपितं बदला. रूट मिळालेला माणूस स्थानिक लॉग पुसतो, म्हणून लॉग दुसऱ्या यंत्रावर जात असेल तर तिथला तपासा. हेही ध्यानात ठेवा, की डेबियन-उबुंटूच्या दुरुस्तीत हँडलरमधलं लॉग लिहिणंच काढून टाकलं आहे. पॅचनंतर ती ओळ दिसेनाशी झाली म्हणजे हल्ले थांबले असं नाही. आणि त्या ओळीवर अलर्ट बांधला असेल तर तो आता मुका झाला आहे.

तपासणीसाठी म्हणून इंटरनेटवरून ‘एक्स्प्लॉइट’, म्हणजे हल्ल्याचा तयार कोड, उतरवून चालवू नका. या दोषाच्या नावाने न चालणाऱ्या आणि काही तर मुद्दाम विषारी फाइली फिरल्या आहेत. तसंही, यशस्वी व्हायला दहा हजार प्रयत्न लागणारी गोष्ट एकदा चालवून फसली, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पॅकेजने न आलेली एसएसएचडी राहून जातात. कोणीतरी कधीतरी सोर्सवरून बांधून ‘यूएसआर लोकल’मध्ये ठेवलेलं, कंटेनरच्या जुन्या इमेजमधलं, साठवणुकीच्या किंवा नेटवर्कच्या डब्यांच्या फर्मवेअरमधलं. अ‍ॅप्टला यांचा पत्ताही नसतो. ‘एसएस’ला एल, टी, एन, पी हे पर्याय देऊन रूट म्हणून चालवा आणि पोर्टवर कोणती प्रोसेस ऐकते आहे ते बघा. मग ‘प्रॉक’मधल्या तिच्या ‘एक्स’ दुव्यावरून ती कुठल्या फाइलीतून चालू झाली ते काढा. दुव्यापुढे ‘डिलिटेड’ दिसलं तर अपडेट झाला आहे आणि रीस्टार्ट राहिला आहे.

सगळ्या यंत्रांचं अपडेट आणि रीस्टार्ट झाल्यावर ती ००- वाली फाइल काढून टाका, रीलोड करा आणि लागू यादीत पुन्हा १२० किंवा तुमचा नेहमीचा आकडा आला आहे ना, ते बघून घ्या. शून्य मुदत तशीच विसरली गेली तर काही महिन्यांनी लटकलेल्या कनेक्शनांनी जागा भरतात आणि लॉगिन अधूनमधून का नाकारलं जातं, याचा शोध पहिल्यापासून सुरू होतो.